९ मिलिमीटरचे केस गेज: गेजमध्ये बसलेले काडतूस नळीत का अडकते?

घरी भरलेले काडतूस नळीत पुरते न बसणे आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबणे, हा अनुभव पिस्तुलाची काडतुसे स्वतः भरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतोच. अशा वेळी जाणकारांकडून सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘एक केस गेज घेऊन टाका’. तो मानून मी गेली तीन वर्षे ९×१९ काडतुसासाठी एकछिद्री पोलादी गेज, म्हणजे काडतुसाचा आकार तपासण्याचे साधन, वापरतो आहे. या साधनाचे मोल मला पुरेपूर पटले आहे. पण त्याच्यावर जितका भरवसा टाकला जातो तितका टाकणे धोक्याचे आहे, हेही मला याच काळात कळले. म्हणून हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचे न ठेवता या प्रकारच्या साधनाचे ठेवले आहे. पावडर किती भरावी हा विषय यात नाही. ते माप प्रकाशित लोड पुस्तिकेतूनच घ्यावे, आणि हा सगळा उद्योग कायद्याची परवानगी असेल तिथेच करावा.

गेज दिसायला अगदी साधे असते. अंगठ्याएवढा पोलादी दंडगोल आणि त्याच्या मधोमध चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेच्या) किमान मापानुसार कोरलेले एक छिद्र, एवढेच. काडतूस गोळीच्या बाजूने आत सोडायचे आणि पुंगळीचे (काडतुसाच्या पितळी कवचाचे) बूड वरच्या कडेशी कुठे थांबते ते पाहायचे. माझ्या गेजच्या वरच्या टोकाला दोन पातळ्या आहेत. बूड वरच्या पातळीच्या बाहेर डोकावले तर काडतूस नापास, आणि खालच्या पातळीच्याही खाली गेले तर पुंगळी आखूड. या दोन पातळ्यांमधले अंतर जेमतेम पाव मिलिमीटर आहे, कारण ९ मिलिमीटर ल्युगरच्या, म्हणजे याच ९×१९ काडतुसाच्या, पुंगळीची लांबी अमेरिकेतील सामी या संस्थेच्या मानकानुसार १८.९० ते १९.१५ मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते. हे काडतूस चेंबरमध्ये टेकते ते पुंगळीच्या तोंडावर. त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला चालतो तसा तोंड आत वळवणारा क्रिंप (गोळीभोवती पुंगळीचे तोंड दाबून आवळणे) इथे चालत नाही. तोंड सरळ दाबून घेणारा निमुळता क्रिंपच लागतो. न बसणाऱ्या काडतुसाचे निदान करताना ही गोष्ट सतत डोक्यात ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट या काडतुसाला अवघड करून ठेवते. .४५ एसीपी या दुसऱ्या पिस्तूल-काडतुसाची पुंगळी जवळजवळ सरळ असते, ९ मिलिमीटरची मात्र बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते: बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५ मिलिमीटर, ही कमाल मापे. फरक दिसायला किरकोळ असला तरी त्यामुळे पुंगळी पूर्ववत करणाऱ्या साइझिंग डायची खोली जरा जरी कमी पडली, तरी बुडाजवळचा फुगवटा तसाच राहतो आणि तो बोटाला जाणवतही नाही. गेज इथेच उपयोगी पडते. कॅलिपर एका वेळी एका जागेचे माप सांगतो. गेज अख्ख्या पुंगळीचा आकार एका झटक्यात तपासते.

गेजची खरी किंमत मला पहिल्या वर्षीच्या एका खेपेने दाखवली. मैदानावरून गोळा केलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिश्र पुंगळ्या वापरून मी ३०० काडतुसे भरली होती, आणि त्यांपैकी तब्बल ४१ गेजमध्ये पूर्ण बसेनात. पूर्वीचा मी असतो तर क्रिंप थोडा घट्ट करून सगळी पुन्हा दाबून काढली असती, कारण काडतूस बसत नाही म्हटल्यावर बहुतेकांचा हात आधी क्रिंपच्या डायकडेच जातो. ही सवय घातक आहे. गरजेपेक्षा जास्त क्रिंप केल्यास तोंडाच्या किंचित खाली पितळ बाहेर फुगते, आणि जे काडतूस आधी निदान अर्धे तरी आत जात होते ते तेवढेही जाईनासे होते. शिवाय पितळ दाबानंतर थोडे परत उसळते, शिसे उसळत नाही. त्यामुळे अति दाबलेल्या तोंडात गोळी उलट सैल पडते.

त्या दिवशी मी घाई केली नाही. काळ्या मार्कर पेनने काडतुसाला बुडाच्या खाचेपासून गोळीच्या टोकापर्यंत रंगवले, शाई वाळू दिली, गेजमध्ये सोडून अंगठ्याने हलकेच दाबत एक पूर्ण फेरा दिला आणि बाहेर काढले. काळ्या पृष्ठभागावर, बुडापासून तीन-चार मिलिमीटर वर, पितळेची एक बारीक चकचकीत रेघ उमटली होती. रेघ पूर्ण गोल नव्हती; एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेली. म्हणजे फुगवटा एकाच बाजूला होता. कॅलिपरने तीन वेगवेगळ्या जागी मोजूनही मला जे नीट सापडले नव्हते, ते या रेघेने अर्ध्या मिनिटात समोर ठेवले.

सगळी ४१ काडतुसे अशीच रंगवून पाहिली तेव्हा त्यांचे तीन गट पडले. २६ काडतुसांवर रेघ बुडाशी होती. कारण शोधायला गेलो तर प्रेसचा (काडतुसे भरण्याच्या यंत्राचा) दट्ट्या पूर्ण वर आल्यावरही साइझिंग डाय आणि शेलहोल्डर (पुंगळी बुडाशी धरणारा भाग) यांच्यामध्ये कागदाची घडी सरकेल एवढी फट दिसली. कार्बाइड डायच्या तोंडाशी पुंगळी सहज आत शिरावी म्हणून थोडी गोलाई असतेच, त्यामुळे अगदी तळाचा भाग तसाही कमी दाबला जातो. त्यात ही फट मिळाली की बुडाकडची पट्टी कोरीच राहते. फट पाहताना प्रेसमध्ये पुंगळी घातलेली असावी, कारण रिकाम्या प्रेसमध्ये टेकलेली डाय प्रत्यक्ष ताण आल्यावर पुन्हा सुटते. मी डाय शेलहोल्डरला हलकी टेकेपर्यंत खाली घेतली. कार्बाइडचे कडे ठिसूळ असते, त्यामुळे ती जोर लावून आवळायची नाही.

सहा काडतुसांवर रेघ पुंगळीच्या तोंडाशी किंवा त्याच्या लगेच खाली होती. गोळी अलगद बसावी म्हणून आपण पुंगळीचे तोंड किंचित फाकवतो. ते नंतर पुरते मिटवले गेले नाही तर त्याची धार चेंबरच्या भिंतीला लागते. क्रिंप किती करावा याचे साधे गणित आहे: गोळीचा व्यास अधिक तोंडाशी असलेल्या पितळेच्या जाडीची दुप्पट. ९.०२ मिलिमीटरची गोळी आणि ०.२७ मिलिमीटरचे पितळ धरले तर तोंडाचे माप सुमारे ९.५६ येते. प्रत्यक्षात ९.६० च्या आसपास थांबले तरी फाकवलेले तोंड मिटलेले असते, आणि त्यापुढे दाबत राहण्याने काही साधत नाही. या सहापैकी दोन पुंगळ्यांचे पितळ इतरांपेक्षा जाड निघाले, आणि एकीत गोळी तिरकी बसल्यामुळे एका बाजूला तिच्या बुडाचा फुगवटा पुंगळीवर स्पष्ट दिसत होता.

उरलेल्या नऊ काडतुसांनी मला बराच वेळ चकवले, कारण त्यांच्या अंगावर रेघच नव्हती. शेवटी एक काडतूस उलटे धरून बुडाच्या बाजूने गेजच्या तोंडात घालून पाहिले, तेव्हा ते तिथेच अडले. एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी नळीतून मागे ओढणाऱ्या आकड्याने) ओढताना बुडाच्या कडेवर उठलेली बारीक धार गेजला लागत होती. इथे गेजची एक मर्यादा नीट लक्षात घ्यायला हवी. गेजमध्ये पुंगळीची कडसुद्धा छिद्रात उतरते. पिस्तुलात मात्र ती कड चेंबरच्या बाहेर, ब्रीचच्या, म्हणजे मागच्या, बाजूला राहते. म्हणजे गेजने नापास केलेली ही काडतुसे नळीत विनातक्रार बसतात. ती नऊच्या नऊ बसली. अशी काडतुसे मी सरावाला वापरतो. स्पर्धेसाठी ठेवत नाही, कारण तीच धार एक्स्ट्रॅक्टरखाली सरकताना अडखळू शकते.

इथपर्यंत गेजबद्दल माझी तक्रार नव्हती. पुढच्या वर्षी मी गोळी बदलली. गोल नाकाच्या गोळीऐवजी चापट टोकाची, शंकूच्या आकाराची, तितक्याच वजनाची गोळी घेतली. काडतुसाची एकूण लांबी २९.० मिलिमीटर ठेवली, म्हणजे २९.६९ या कमाल मर्यादेच्या बरीच आत. पन्नास काडतुसे भरली. पन्नासही गेजमध्ये अलगद उतरली आणि उलटे केल्यावर आपसूक बाहेर पडली. मी निर्धास्तपणे मैदानावर गेलो.

तिसऱ्या काडतुसाला स्लाइड अर्धवट थांबली. मी नळी सुरक्षित दिशेला धरून मॅगझिन काढले आणि स्लाइड मागे ओढली, ती हलेना. जास्त जोर लावल्यावर ती एकदम मागे आली, पुंगळी बाहेर पडली आणि तिच्यामागोमाग पावडरचे करडे कण हातावर, स्लाइडच्या खाचांमध्ये आणि मॅगझिनच्या रिकाम्या जागेत सांडले. गोळी पुंगळीत नव्हती. ती नळीतच, रायफलिंगच्या (नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचांच्या) सुरुवातीला पाचरीसारखी रुतून बसली होती. मी तिथेच नेमबाजी थांबवली, पिस्तूल उघडून नळी वेगळी केली आणि ती समोरच्या तोंडाकडून लाकडी दांड्याने ढकलून गोळी मागे काढली. गोळीच्या खांद्यावर रायफलिंगच्या कडांचे ठसे समान अंतरावर कोरलेले होते. ती गोळी आजही माझ्या खणात आहे. माझ्या नजरेतून हा प्रकार सुटला असता आणि पुढचे काडतूस मी तसेच लोटले असते तर काय झाले असते, हा विचार मी टाळत नाही. गोळी रुतलेल्या नळीमागे दुसरे काडतूस पूर्ण बसून सुटले, तर पिस्तूल फुटू शकते.

गेजने ही चूक का पकडली नाही? कारण गेजमध्ये रायफलिंगच नसते. ते पुंगळीचा आकार तपासते आणि एकूण लांबी कमाल मर्यादेच्या आत आहे का ते सांगते. गोळीचा खांदा तुमच्या नळीतल्या रायफलिंगला कुठे भिडणार आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. गोल नाकाची गोळी पुढे झपाट्याने बारीक होते, त्यामुळे ती लांब ठेवली तरी चालते. शंकूच्या आकाराच्या गोळीचा पूर्ण जाडीचा भाग बराच पुढपर्यंत असतो. शिवाय प्रत्येक पिस्तुलाच्या नळीत चेंबर संपल्यावर रायफलिंग सुरू होईपर्यंतची मोकळी जागा वेगळी असते. सीझेड ७५ घराण्यातल्या नळ्यांमध्ये ती तोकडी असल्याचे रिलोडिंग करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे, आणि माझे पिस्तूल त्याच घराण्यातले आहे.

उत्तर नळीच देऊ शकत होती. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून नळी वेगळी काढायची, स्वच्छ करायची, तोंड खाली धरायचे आणि काडतूस चेंबरमध्ये सोडायचे. ते टक् असा स्पष्ट आवाज करत बसले पाहिजे, दोन बोटांनी गोल फिरवल्यावर कुठेही न अडता फिरले पाहिजे, आणि नळी उलटी करताच स्वतःच्या वजनाने बाहेर पडले पाहिजे. या तीन गोष्टींत फिरवून पाहणे सगळ्यात महत्त्वाचे. माझ्या उरलेल्या काडतुसांतली बहुतेक दबक्या आवाजात का होईना बसत होती, पण फिरत नव्हती. मी प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) आणि पावडर नसलेले एक नमुना काडतूस तयार केले आणि गोळी एका वेळी ०.१ मिलिमीटर खोल बसवत गेलो. २७.६ मिलिमीटरला ते नीट फिरू लागले. तेवढ्यावर न थांबता मी थोडी सवलत ठेवून २७.३ वर थांबलो, कारण गोळ्यांच्या आकारात आणि बसवण्याच्या खोलीत काडतुसागणिक थोडा फरक पडतोच. हा आकडा माझ्या नळीचा आणि त्या गोळीचा आहे. दुसऱ्या कोणी तो उचलून वापरू नये.

गोळी अशी खोल बसवल्यावर काम संपत नाही. ९ मिलिमीटरची पुंगळी लहान असते आणि सामीने तिच्यासाठी ठरवलेली कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच ३५,००० पौंड आहे, तर .४५ एसीपीची २१,०००. लहान जागेत गोळी दीड-दोन मिलिमीटर आत गेली की पावडरसाठी उरणारी पोकळी बरीच घटते आणि दाब झपाट्याने वाढतो. म्हणून लांबी कमी केल्यावर पावडरचे माप पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा बांधत आणावे लागते. मी ते केले, आणि त्यात दोन शनिवार गेले. गोळी पुंगळीत घट्ट बसली आहे की नाही हेही त्याच वेळी पाहावे: नमुना काडतुसाची लांबी मोजून गोळीचे टोक लाकडी ओट्यावर अंगठ्याच्या जोराने दाबायचे आणि पुन्हा मोजायचे. लांबी घटली तर दोष क्रिंपमध्ये शोधण्याआधी साइझिंग आणि तोंड फाकवण्याच्या टप्प्यात शोधावा.

गेज विकत घेताना काय पाहावे, याबाबत एक कटू अनुभव सांगतो. या पोलादी गेजच्या आधी माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे ॲल्युमिनियमचे गेज होते. ते सगळेच पास करत असे. एके दिवशी मी नुकतीच झाडलेली, साइझिंग न केलेली पुंगळी त्यात टाकली, तर तीही जवळजवळ पूर्ण खाली गेली. किमान मापाने कोरलेल्या गेजमध्ये चेंबरभर फुगलेली पुंगळी सहसा बसायला नको. मी कंपनीला सविस्तर लिहिले; ‘माप ठरलेल्या मर्यादेत आहे’ एवढेच उत्तर आले. जे सैल आहे त्या गेजपेक्षा गेज नसणे परवडते, कारण सैल गेज खोटी खात्री देते. नवे गेज हाती आल्यावर झाडलेल्या पुंगळीची ही चाचणी अवश्य करावी.

शंभर छिद्रांची मोठी गेजेसही मिळतात. स्पर्धेत नियमित उतरणाऱ्यांसाठी ती फार सोयीची: सगळी बुडे एका पातळीत दिसतात, वर डोकावणारे काडतूस लगेच नजरेत भरते, आणि तळहात फिरवला की उंच राहिलेला प्रायमरही लागतो. मी मित्राचे असे गेज दोन वेळा वापरले आहे. निदानासाठी मात्र मला एकछिद्रीच आवडते, कारण त्यात काडतूस बोटांनी फिरवता येते आणि नेमके कुठे घासते ते जाणवते.

माझे मत विचाराल तर ९ मिलिमीटरची काडतुसे मिश्र पुंगळ्यांत भरणाऱ्याने पोलादी केस गेज घ्यावेच, आणि त्यासोबत एक काळा मार्कर ठेवावा. ज्याच्याकडे एकच पिस्तूल आहे आणि जो थोडीच काडतुसे भरतो, त्याला स्वतःच्या पिस्तुलाची नळी पुरेशी आहे. त्याने गेजवर खर्च नाही केला तरी चालेल. गोळीचा आकार, कंपनी किंवा पिस्तूल बदलले की मात्र पहिली पाच काडतुसे नळीतच तपासली पाहिजेत, गेज काहीही म्हणो. मी आता प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवतो: कोणती गोळी, एकूण लांबी किती आणि कोणत्या नळीत फिरवून पाहिले. मागच्या आठवड्यात भरलेल्या २०० काडतुसांपैकी तीन गेजमध्ये अडली. तिन्हींच्या बुडाच्या कडेला धार होती, तिन्ही नळीत सहज फिरली, आणि तिन्ही सरावाच्या डब्यात गेली.